ओटी आणि अर्ज

शांतम्मानं तांदळातला शेवटचा खडा वेचून खिडकीबाहेर टाकला आणि ड्रेसिंगचा मोठा स्टीलचा ट्रे पुढं ओढला. ट्रे सकाळीच उकळत्या पाण्यातून निघालेला होता, तरी तिनं तो पदरानं पुन्हा पुसला. मग त्यात पाच ओंजळी तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, खोबऱ्याची वाटी, आणि मधोमध शेंडीचा नारळ. साडीची पिशवी अजून वरून, डॉक्टरांच्या घरातून, यायची होती. वैनींनी ती स्वतः सोलापूरला जाऊन आणली होती आणि चार वाजेपर्यंत कुणाला दाखवायची नाही असं ठरवलं होतं.

दार ढकलून रोहिणी आत आली. दवाखान्यातली सगळ्यात चटपटीत नर्स, पण आठवा महिना सरत आल्यामुळं आता तीही दार खांद्यानं उघडत होती. हातात घडी घातलेला कागद होता. ट्रे बघून ती दारातच थांबली.

"मावशी, एक सांगू? माझी ओटी नका भरू."

शांतम्माचा हात नारळावरच राहिला.

"का गं? तुमच्यात चालत न्हाय व्हय? आधी सांगायचं की. म्या वैनींना म्हणले असते, हळदीकुंकू नगं, नुसतं फूल द्या."

"चालतं हो. बेंबळीला आईनं डोहाळजेवण केलं की परवा. बुद्धवंदना झाली, मग पंगत बसली. तसलं काही नाही."

"मग?"

"मला आधी ह्या अर्जाची पोच पाहिजे."

आता आली का पंचाईत! शांतम्मानं कागदाकडं पाहिलं, ट्रेकडं पाहिलं, आणि खारकेची जागा बदलली.

हा दवाखाना उमरग्यात, हायवेच्या कडेला. भिंतींना पांढरा रंग देऊन दहा वर्षं झाली तरी ट्रकवाल्यांपासून भाजीवालीपर्यंत सगळे त्याला पिवळा दवाखानाच म्हणतात. शिवराज डॉक्टरांच्या वडिलांनी तो सुरू केला. आता शिवराज डॉक्टर चालवतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या पत्नी दीपमालावैनी चालवतात. नर्सा, आया, औषधाच्या खिडकीवरचे, झाडूवाले धरून बावीस माणसं. ह्यातल्या कुणा बाईला दिवस गेले की ती माहेरी निघायच्या दिवशी तिची ओटी भरायची, ही वैनींच्या सासूबाईंपासूनची रीत. सगळा स्टाफ जमतो, पेढे वाटतात, वैनी भारीतली साडी देतात. उमरग्यात दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात नोकर बाईचं असलं कौतुक होत नाही. हे लोक म्हणतात, आणि लोक विसरले तर वैनी म्हणतात.

कौतुक मनापासूनचं होतं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. फक्त ओटी झाली की त्याच संध्याकाळी सोमलिंग क्लार्क हजेरीत त्या बाईच्या नावावर तांबडी रेघ मारायचा. बाळंत होऊन ती परत आली तर बहुतेक वेळा जागा भरलेली असायची. रिकामी असली तर तिला नव्यानं घेत, नव्याच्या पगारावर. ह्याला कुणी कामावरून काढणं म्हणत नव्हतं. पेढे वाटून कुणी कुणाला काढतं का?

"ओटीला न्हाय म्हणू नये गं रोहिणी," शांतम्मा म्हणाली. "पहिलटकरीण हाईस."

"वैष्णवीची भरली होती ना मागच्या वर्षी?"

"भरली की. जांभळी साडी दिली."

"पाचव्या महिन्यात बाळ घेऊन आली तर सोमलिंगदादांनी सांगितलं, जागा भरली. आता ती मेडिकलवर उभी राहते, अर्ध्या पगारात. जांभळी साडी नेसून." रोहिणीनं कागद उलगडला. "मावशी, सुगतची टोलनाक्यावरची नोकरी कंत्राटी. आज आहे, उद्या नाही. माझी गेली तर आम्ही खायचं काय? आणि खाण्याचं जाऊ द्या. मला हे काम आवडतं हो."

शेवटचं वाक्य तिनं अगदी साधेपणानं म्हटलं. शांतम्मानं ट्रेवर फडकं झाकलं आणि ती रोहिणीच्या मागोमाग सोमलिंगच्या टेबलापर्यंत गेली. भांडण होऊ नये म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण बघायचंही होतंच.

सोमलिंगनं अर्ज चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला.

"प्रसूती रजा, सव्वीस आठवडे, भरपगारी." भरपगारी हा शब्द त्यानं दोनदा म्हटला. "अगं, हे सरकारी नोकरीत असतं."

"खाजगीतही आहे, दादा. दहाच्या वर माणसं असली की द्यावी लागते. आपण बावीस आहोत."

"बावीस कशाचे? झाडूवाले धरून बावीस."

"झाडूवाले माणसंच आहेत की."

सोमलिंगनं मान खाजवली. "आणि डॉक्टरचा दाखला?"

"जोडलाय. डॉक्टरसाहेबांच्याच सहीचा. मंगळवारी ओपीडीच्या रांगेत बसून घेतला, पेशंट म्हणून."

सोमलिंगला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. शिवराज डॉक्टर महिन्याला असले पाच-सात दाखले लिहून देत. शाळेच्या बाई, बँकेतल्या बाई, तलाठी बाई, सगळ्यांच्या रजा ह्या दवाखान्याच्या शिक्क्यावर मंजूर व्हायच्या. खुद्द दवाखान्यातल्या बाईचा दाखला मात्र तो पहिल्यांदा बघत होता.

"अठरा वर्षांत असला अर्ज आला नाही माझ्याकडं. लावू कुठल्या फायलीला?"

"नवी फाईल करा, दादा."

"तोंडी सांगून ठेव की वैनींना. त्यांचं मन मोठं आहे."

"आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. ते म्हणतात, तोंडी मागितलेलं वाऱ्यावर जातं. कागद द्यायचा आणि पोच घ्यायची."

सोमलिंग उठला. अर्ज त्यानं ऊन लागू नये तसा वहीत धरला आणि जिना चढून वर गेला. दहा मिनिटांनी त्याचं डोकं जिन्यात दिसलं.

"मावशी, तुम्हाला वर बोलावलंय."

वर दवाखान्याच्या डोक्यावरच डॉक्टरांचं घर. दीपमालावैनी सोफ्यावर बसल्या होत्या. मांडीवर मोरपंखी साडी उलगडलेली, आणि तिच्यावर रोहिणीचा अर्ज. चेहरा रडवेला होता. शांतम्माला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. तिला वाईट वाटलं.

"बघा मावशी. रंग बघा. तिच्या अंगाला काय शोभला असता! चार दुकानं फिरले मी." वैनींनी साडीवर हात फिरवला. "आणि ही मला कायदा दाखवते. मी काय कुणाला उपाशी घालवलं आजवर? हिच्या नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा एक रुपया घेतला का आपण?"

"न्हाय घेतला."

"मग? घरच्यासारखं वागवलं त्याचं हे फळ का? आणि हिला द्यायला माझी ना नाही हो. पण अजून तिघीजणी नव्या लग्नाच्या आहेत. सहा महिने हिला घरी बसून पगार, हिच्या जागी घेतलेल्या पोरीला पगार. उद्या तिघी रांगेत उभ्या राहिल्या तर डॉक्टरांनी ऑपरेशनं करायची का पगार वाटत बसायचं?"

ह्यात खोटं काही नव्हतं. शांतम्मानं मान हलवली. ह्या घरात मान हलवण्याची तिला इतकी सवय होती, की कधी कधी वाक्य पुरं व्हायच्या आतच हलायची.

"तुम्ही समजावा तिला. तुमचं ऐकेल ती. चार वाजता गुपचूप ओटी घेऊ दे, पुढचं पुढं बघू. नाहीतर असं करू, त्यांच्यात ओटी भरत नाहीत, असंच सांगू सगळ्यांना. मी नुसती साडी देते. तिचाही मान राहील, माझाही राहील." वैनींनी साडीची घडी घालायला घेतली. दुसरं टोक शांतम्मानं आपसूक धरलं. "आणि तुमचंही बघायचंय आता, मावशी. दिवाळीनंतर तुम्ही काम थांबवणार. ती ग्रॅच्युइटी का काय असते, ती तुम्हाला द्यायचीच म्हणालेत डॉक्टर. अठ्ठावीस वर्षांची. मी म्हटलं, सगळी द्या. मावशींचं देणं ठेवू नका."

"लई उपकार झाले, वैनी."

जिना उतरताना शांतम्मा मधल्या पायरीवर जराशी थांबली. अठ्ठावीस. आकडा बरोबर होता. तिचा शंभुलिंग अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि तो पाच महिन्यांचा असताना ती कामाला लागली होती. पण तेव्हा कामाला लागली होती का? गुडघा दुखत होता म्हणून थांबले, असं ती नंतर सांगेल.

रोहिणी बाळंतिणींच्या वार्डात होती. काल रात्री सीझर झालेल्या एका बाईचं सलाईन बदलून तिनं थेंब मोजले आणि बाळाच्या टोपड्याची नाडी सैल केली. शांतम्मा खिडकीपाशी उभी राहिली. काम संपल्यावर दोघी व्हरांड्यात आल्या.

"वैनी रडत्यात गं."

रोहिणी हात पुसत राहिली.

"त्या म्हणत्यात, तुमच्यात ओटी नसती असं सांगू. नुसती साडी घे. वाद नगं, बोभाटा नगं. चांगलं हाय की ते."

"चांगलं आहे, मावशी. लई सोपं आहे. सगळे म्हणतील, ह्यांच्यात नसतंच, जाऊ द्या. माझ्यावर कुणी रागावणार नाही." रोहिणीनं कठड्याला पाठ टेकली. "पण ते खोटं आहे. मला ओटी पाहिजे. ह्या सगळ्यांबरोबर मी रात्रपाळ्या काढल्यात. सगळ्यांनी मिळून माझी ओटी भरावी असं मला मनापासून वाटतं. पण ती घेतली की माझं नाव जातं. मग मी काय करू, सांगा."

बोलता बोलता तिचे डोळे भरले आणि ते तिनं लपवलेही नाहीत. शांतम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग रोहिणीनंच विचारलं, "तुमची भरली होती का हो, मावशी?"

"भरली की. थोरल्या बाईंनी. हिरवी साडी हुती, तांबड्या काठाची."

"मग?"

"मग काय? लग्नानंतर अकरा वर्सांनी दिवस गेलते मला. आळंदला माहेरी गेले. शंभू झाला. पाच महिन्यांचा झाल्यावर आले परत. सोमलिंगच्या आधी इथं एक म्हातारे मुनीम हुते, त्यांनी इचारलं, तू कोण? म्हणलं, म्या शांतम्मा. सात वर्सं हितंच हाय की. तर म्हणले, तुझी तर ओटी झाली." शांतम्मा हसली. "थोरल्या बाईंनी मग घेतलं मला. मोठ्या मनाच्या बाई. सातशे मिळायचे जाताना. परत आल्यावर साडेचारशावर घेतलं, नवीन म्हणून."

"आणि तुम्ही?"

"म्या पाया पडले त्यांच्या."

हे सांगताना तिला आजवर कधी काही वाटलं नव्हतं. शेजारणीला सांगितलं होतं, सुनेला सांगितलं होतं, दर वेळी थोरल्या बाईंच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून. आज रोहिणी नुसती तिच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या बघण्यानं ती गोष्ट शांतम्माच्या तोंडात कडू झाली. पहिल्या दिवशी कामावर दूध दाटून पोलकं ओलं झालं होतं, आणि ती नव्या बाईसारखी फडकं हातात घेऊन फरशी कुठून पुसायची ते ऐकत उभी होती. ज्या फरशीवर तिनं सात वर्षं घालवली होती, ती फरशी. अय्यो, किती वेडी मी, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच पुढचं आलं, की वेडी नव्हते, अडलेली होते.

"चला, चार वाजत आले," ती म्हणाली. समजावायचं राहूनच गेलं.

ओपीडी पांगल्यावर बाकडी भिंतीला सरकवली आणि मधे पाट मांडला. नर्सा, आया, औषधाच्या खिडकीवरचे दोघं, सोमलिंग, सगळे अर्धगोल करून उभे राहिले. पेढ्यांचा पुडा टोकन द्यायच्या टेबलावर होता. वैनी खाली आल्या त्या जरीच्या साडीत, तोंड धुऊन, हसऱ्या चेहऱ्यानं. शांतम्मानं ट्रे त्यांच्या हातात दिला आणि मोरपंखी साडी वर ठेवली.

रोहिणी आली. पाटाच्या मागं उभी राहिली.

"ये गं, बस," वैनी म्हणाल्या. "बसायचं नसलं तरी चालेल. तुमच्यात ओटी भरत नाहीत, मला सांगितलं मावशींनी. ज्याची त्याची रीत. नुसती साडी घे, एवढीच माझी हौस."

शांतम्मानं खाली पाहिलं.

"तसं नाही, वैनी," रोहिणी म्हणाली. "मावशींनी तसं सांगितलं नसेल. मला बसायचंय. अर्जावर सही झाली की बसते."

पेढ्याचा पुडा सोडणाऱ्या पोरीनं हात आवरला. कुणीतरी "बाई बाई!" असं पुटपुटलं. वैनींचं हसू गेलं.

"म्हणजे ओटीला अट घालतेस तू मला?"

"अट नाही हो. मला परत यायचंय. बाळ झाल्यावर ह्याच वार्डात, माझ्याच नावानं परत यायचंय. दुसरं काही नाही मागत मी."

तेवढ्यात शिवराज डॉक्टर ऑपरेशन थिएटरातून बाहेर आले. मास्क हनुवटीखाली ओढलेला. त्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा रोहिणीकडं. सगळं त्यांना आधीच कळलेलं होतं.

"कायद्याचं नंतर बसून बघू आपण," ते समजुतीनं म्हणाले. "मी नाही म्हणत नाहीये. पण आधी शुभकार्य होऊ द्या. रोहिणी, बस बघू. मावशी, तुम्ही सांगा हिला. इथली रीत तुमच्याइतकी कुणाला ठाऊक आहे?"

सगळ्यांनी शांतम्माकडं पाहिलं. ती आता मान हलवील आणि रोहिणीच्या खांद्याला धरून तिला पाटावर बसवील, असं सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं. तिनं पाऊलही उचललं. पण रोहिणीपाशी गेल्यावर ती वळली आणि तिच्या पोटाकडं पाठ करून मधे उभी राहिली.

"रीत सांगते, डॉक्टरसाहेब. म्हातारीचं बोलणं वंगाळ वाटलं तर माफी असावी." तिनं पदर डोक्यावर घेतला. "लेक माहेराहून निघाली की तिची ओटी भरत्यात. का? तर तिनं परत यावं म्हणून. सून बाळंतपणाला निघाली की सासू ओटी भरती. तीबी परत यावी म्हणूनच. घर तिचंच असतं. कुठल्या सासूनं ओटी भरली आन् मागनं सुनेचं नाव पुसलं, असं म्या तरी आयकलं न्हाय."

वैनी काही बोलणार होत्या. शांतम्मा थांबली नाही, नाहीतर तिचं धाडस उडालं असतं.

"परत न येणारीची बी ओटी भरत्यात. न्हाय असं न्हाय. सवाष्ण गेली की तिला उचलायच्या आधी भरत्यात, शेवटची." तिनं आवाज एवढा खाली आणला की मागच्यांना पुढं वाकावं लागलं. "आपण हितं कुठली भरतो, वैनी?"

"मावशी!" एक नर्स ओरडली. "पोटुशी बाईसमोर काय बोलताय!"

"म्हणून तर पाठ केली तिच्याकडं," शांतम्मा म्हणाली.

बाहेर हायवेवरून हैदराबादकडं जाणारा ट्रक गेला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. वैनींच्या हातातला ट्रे एका बाजूला कलला होता, दोन-चार तांदूळ फरशीवर सांडले. त्या ट्रेकडंच बघत होत्या.

"बारा जणींच्या भरल्या मी," त्या अगदी हळू म्हणाल्या. शांतम्मा जवळ होती म्हणून तिला ऐकू आलं.

मग त्या नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "सही करा."

"दीपमाला, आपण वर बसून..."

"इथंच करा. मला ओटी भरायचीय."

डॉक्टरांनी हात पुढं केला. सोमलिंगनं वहीतून अर्ज काढून दिला. टोकनच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा सारून त्यांनी तो वाचला, मागचा कागद उलटला, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हा दाखला माझाच की!" दोघीतिघी हसल्या. तेही ओशाळं हसले आणि त्यांनी सही केली. सोमलिंगनं तारखेचा शिक्का मारला, एक प्रत रोहिणीच्या हातात दिली.

"बाळ झाल्यावर परत येशील तेव्हा हजर झाल्याचा अर्ज द्यायचा," डॉक्टर आता साहेबासारखं म्हणाले. "नुसतं येऊन कामाला लागायचं नाही. रजेवरून हजर झाले, असं लेखी पाहिजे. म्हणजे नोकरी सलग धरता येते."

"देते, साहेब," रोहिणी म्हणाली आणि पाटावर बसली.

वैनींनी ओटी भरली. पाच वेळा ओंजळ भरून तांदूळ घातले, नारळ घातला, साडी खांद्यावर टाकली. रोहिणी रडत होती, त्यामुळं थोडे तांदूळ बाहेरच पडले. नंतर पेढे वाटले. ज्या नव्या लग्नाच्या तिघी होत्या, त्या कोपऱ्यात रोहिणीची प्रत उलटसुलट करून वाचत होत्या. वैनींना ते दिसलं. त्या तशाच वर गेल्या. शांतम्माकडं त्यांनी पाहिलं नाही.

पाचच्या सुमाराला सुगत फटफटी घेऊन आला आणि रोहिणीला सावकाश मागं बसवून घेऊन गेला. शांतम्मानं पाट भिंतीला लावला, फरशी झाडली, ट्रे धुऊन उकळायला टाकला. ग्रॅच्युइटीचं तिच्या मनातून जाईना. अठ्ठावीस वर्षांचं का असेना, देतो म्हणाले होते. आता तेवढं तरी देतील का? वैनी पाठ फिरवून गेल्या, ते तिला लागलं होतं. ह्या वयात वैर कशाला घेतलं, असंही एकदा वाटून गेलं.

सोमलिंग टेबलावर हजेरी उघडून बसला होता. हातात तांबडं पेन, आणि रोहिणीच्या नावापुढं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्यानं तांबडं पेन ठेवून दिलं आणि निळ्यानं "रजा" असं लिहिलं.

शांतम्मा समोरच्या स्टुलावर बसली. अठरा वर्षांत ती त्याच्यापुढं कधी बसली नव्हती.

"काय मावशी? पाय दुखतात काय?"

"एक अर्ज लिहून दे की. सही म्या करते."

"कसला अर्ज?"

"शांतम्मा शरणबसप्पा, आया, असं लिही वर."

सोमलिंगनं कोरा कागद घेतला, समास सोडला, नाव लिहिलं. "विषय काय घालू?"

"बाळंतपणाच्या रजेवरनं हजर झाले."

त्याचं पेन थांबलं. त्यानं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावर थट्टेचं काही नव्हतं.

"मावशी, शंभूला नोकरी लागून सहा वर्षं झाली की हो पुण्यात."

"व्हय. उशीर झाला जरा. कुणी सांगितलंच न्हाय मला, अर्ज लागतो म्हणून." तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. "त्या आधीची सात वर्सं हाईत, सोमलिंग. माळ्यावरच्या जुन्या वह्यांत सापडतील. झाडूनपुसून म्याच ठेवल्यात त्या."

सोमलिंगनं जिन्याकडं पाहिलं. वरचं दार बंद होतं. मग त्यानं कागद सरळ केला आणि विषयाची ओळ पुरी केली.

"तारीख आजची घालू का?"

"न्हाय," शांतम्मा म्हणाली. "नऊ फेब्रुवारी, अठ्ठ्याण्णव. सोमवार हुता."